वाचक विचारतात : बोल्टनच्या पोटमाळ्यावरचं यंत्र

मागच्या अंकात लँकशायरच्या सूतगिरण्यांवर मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते, त्यावर पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. ज्यांत प्रश्न नेमका होता अशी सहा पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण तो माझ्या गावाचा आहे. बोल्टनमध्ये मी बत्तीस वर्षं राहिले. त्यातली पहिली सहा वर्षं एका गिरणीत रात्रपाळीला, रिंग फ्रेमवर, म्हणजे अखंड सूत काढणाऱ्या नंतरच्या यंत्रावर, तुटलेले धागे सांधण्यात गेली.

प्रश्न : ताई, मी नववीला इतिहास शिकवते. औद्योगिक क्रांतीच्या धड्यात हारग्रीव्ह्जची जेनी, आर्कराइटची वॉटर फ्रेम आणि क्रॉम्प्टनचा म्यूल, म्हणजे खेचर, अशी तीन यंत्रं एका दमात येतात. मुलं विचारतात, तिन्ही सूतच काढतात, मग तीन कशाला? आणि यंत्राला ‘खेचर’ का म्हणायचं?

उत्तर : तिन्ही यंत्रं सूत काढत होती, पण प्रत्येकीचं सूत वेगळं होतं. हे पुस्तकात येत नाही, म्हणून घोटाळा होतो.

सुरुवात धोट्यापासून करा. बोल्टनच्या शेजारच्या बरी गावच्या जॉन केने १७३३ मध्ये धावत्या धोट्याचं, म्हणजे मागावर आडवा धागा झरझर इकडून तिकडे नेणाऱ्या नळकांड्याचं, पेटंट घेतलं. विणकराचा हात दुपटीने चालू लागला आणि सुताचा तुटवडा पडला. एका विणकराला पुरेल एवढं सूत काढायला चार-पाच बायका चरख्यावर बसत, तरी माग रिकामा राही. ब्लॅकबर्नजवळच्या स्टॅनहिल वस्तीत राहणाऱ्या जेम्स हारग्रीव्ह्ज या विणकराने १७६४ च्या सुमारास एकाच चाकावर आठ चात्या, म्हणजे सुताला पीळ देऊन ते गुंडाळणाऱ्या काड्या, फिरवल्या. ती जेनी. तिचं सूत मऊ, पीळ सैल. आडव्या बाण्याला चालायचं, पण उभ्या ताण्याला लावलं की तुटायचं. रिचर्ड आर्कराइट हा प्रेस्टनचा, बोल्टनमध्ये न्हाव्याचं दुकान चालवणारा माणूस. त्याने १७६९ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात रुळांच्या जोड्या होत्या. पुढची जोडी मागचीपेक्षा जलद फिरते, त्यामुळे पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल वळी, ओढला जाऊन बारीक होतो आणि मग त्याला पीळ बसतो. हे सूत कडक, दमदार, ताण्याला उत्तम. पण जाडसर. मलमलीसारखं तलम सूत दोघींपैकी एकीलाही काढता येत नव्हतं.

आता सॅम्युअल क्रॉम्प्टन. जन्म १७५३, बोल्टनच्या फरवूड फोल्ड वस्तीत. तो लहान असतानाच कुटुंब ‘हॉल इथ वूड’ या जुन्या वाड्यात काही खोल्या भाड्याने घेऊन राहू लागलं. नावाचा अर्थ ‘रानातला वाडा’. आज भोवती घरांची दाटी आहे, पण वाडा तसाच उभा आहे, काळ्या लाकडी चौकटी आणि मधे पांढरा गिलावा. वडील लवकर गेले. मुलगा जेनीवर सूत काढायचा आणि आई रोजचं ठरलेलं सूत मोजून घ्यायची. धागा सारखा तुटे, सांधण्यात वेळ जाई, आईची बोलणी खावी लागत. मला क्रॉम्प्टन समजतो तो या जागी. तुटलेला धागा सांधताना हाताला काय वाटतं, हे ज्याने रोज बारा तास सोसलं, त्यालाच तो तुटू नये असं इतक्या तळमळीने वाटू शकतं.

वयाच्या एकविसाव्या वर्षी, १७७४ मध्ये, त्याने काम सुरू केलं. दिवसा सूत काढायचं, रात्री यंत्र. अवजारांसाठी पैसे हवेत म्हणून बोल्टनच्या नाटकगृहात रात्रीला दीड शिलिंगावर तो व्हायोलिन वाजवी. १७७९ मध्ये यंत्र उभं राहिलं, ४८ चात्यांचं. त्याच वर्षी लँकशायरमध्ये कामगारांचे जमाव यंत्रं फोडत हिंडत होते. क्रॉम्प्टनने यंत्राचे भाग सुटे करून वाड्याच्या पोटमाळ्यावर दडवले, असं सांगतात.

त्याने केलं काय, तर आर्कराइटचे रूळ घेतले आणि जेनीसारख्या चात्या चाकं असलेल्या एका गाड्यावर बसवल्या. रूळ पेळू सोडत जातात, गाडा मागे मागे सरकतो, जवळजवळ पाच फूट, आणि सरकतानाच चात्या फिरून पीळ देत राहतात. मग रूळ थांबतात, पण गाडा आणखी थोडा मागे जातो. खरी करामत या शेवटच्या थोड्याशा ओढीत आहे. धाग्यात जिथे जागा बारीक असते तिथे पीळ धावत जाऊन बसतो आणि ती जागा घट्ट होते. जाड जागी पीळ कमी, म्हणून ती मऊ राहते. ताण आला की मऊ जागाच ताणली जाते. म्हणजे जाड जागा आपोआप बारीक होत जाते आणि धागा सगळीकडे सारखा उतरतो. मग गाडा परत येतो आणि काढलेलं सूत चातीवर गुंडाळून त्याची कुकडी होते.

लँकशायरच्या हेल्मशोअर गावी जुन्या गिरणीचं संग्रहालय आहे. तिथे मी म्यूल पहिल्यांदा चालताना पाहिला. शेकडो धागे एकदम लांबतात, क्षणभर थबकतात आणि परत येतात. आमच्या रिंग फ्रेमचा आवाज एकसुरी, अखंड घरघर. म्यूलला मात्र श्वास असल्यासारखा वाटतो. आमच्या शेजारचे आजोबा तरुणपणी म्यूलवर होते. जमीन तेलाने निसरडी असायची, म्हणून ते अनवाणी काम करायचे. गाड्याबरोबर पुढे जायचं, गाड्याबरोबर मागे यायचं, आणि या येरझाऱ्यांत तुटलेला धागा दोन बोटांनी चिकटवायचा.

खेचराचं उत्तर मुलांना आता सोपं जाईल. गाढव आणि घोडी यांचं खेचर, तसं जेनी आणि वॉटर फ्रेम यांचं हे अपत्य. पण गावात सुरुवातीला याला ‘मसलिन व्हील’, मलमलीचा चरखा, म्हणत. कारण आता ८० नंबरचं सूत निघू लागलं होतं. ८० नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या ८० लडी. गुणाकार मुलांकडूनच करून घ्या : ६७,२०० यार्ड, ३८ मैलांहून लांब धागा आणि वजन एक पौंड. ४० नंबरच्या सुताला क्रॉम्प्टनला पौंडामागे १४ शिलिंग मिळत, ८० नंबरला ४२.

यानंतरचा भाग पुस्तकात सहसा नसतो, पण वर्गात जरूर सांगा. इतकं तलम सूत पाहून लोकांनी वाड्याला वेढाच घातला. कुणी शिडी लावून खिडकीतून डोकावे, कुणी भिंतीला भोक पाडून बघे. पेटंटला लागणारा पैसा क्रॉम्प्टनकडे नव्हता. यंत्र मोडून टाकावं किंवा सगळ्यांना देऊन टाकावं, एवढ्या दोनच वाटा त्याला दिसल्या. कारखानदारांनी वर्गणी द्यायचं कबूल करून सह्या केल्या, त्याने यंत्र खुलं केलं, आणि मग सही केलेल्यांतलेच काही जण फिरले. हाती आले साठेक पौंड. १८११ मध्ये तो स्वतः गावोगावच्या गिरण्या पालथ्या घालत हिंडला आणि चात्या मोजल्या. म्यूलच्या चात्या भरल्या ४६ लाखांच्या आसपास. जेनीच्या दीड लाखाच्या वर, वॉटर फ्रेमच्या तीन लाखांच्या वर. हा हिशेब घेऊन तो पार्लमेंटकडे गेला. ११ मे १८१२ रोजी पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा पार्लमेंटच्या आवारातच गोळी घालून खून झाला. त्या वेळी क्रॉम्प्टनला २०,००० पौंड द्यावेत असा प्रस्ताव त्यांच्या मनात होता, असं त्याच्या चरित्रात नोंदलेलं आहे. शेवटी मंजूर झाले ५,००० पौंड. धंद्यात तेही गेले. १८२७ मध्ये तो वारला, तेव्हा हाताशी फारसं काही उरलं नव्हतं. बोल्टनच्या नेल्सन चौकात त्याचा पुतळा बसला तो १८६२ मध्ये.

आर्कराइटला मात्र ‘सर’ हा किताब मिळाला आणि अमाप संपत्तीही. दोघं एकाच गावात वावरलेले. फरक कुठे पडला, हा प्रश्न तुम्ही मुलांना घाला. त्यावर एक तास सहज जाईल.

प्रश्न : क्रॉम्प्टनबद्दल तुम्ही आपुलकीने लिहिता. पण याच यंत्रांनी भारतातल्या विणकरांचं काय केलं? त्याबद्दल तुम्हाला काही वाटतं का?

उत्तर : वाटतं. आणि मलमलीचा चरखा हे नाव वाचलं की प्रत्येक वेळी वाटतं. ज्या कापडाची बरोबरी करण्यासाठी ही सगळी धडपड चालली होती, ते कापड भारतातलं होतं. भारतातल्या छापील सुती कापडाने इंग्लंडला इतकं वेड लावलं होतं की लोकर आणि रेशीमवाल्यांनी आरडाओरडा करून १७०० मध्ये आणि पुन्हा १७२१ मध्ये बंदीचे कायदे करून घेतले. १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालणंसुद्धा गुन्हा ठरला. १७७४ मध्ये तो उठला, तोवर आर्कराइटच्या गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. त्यामुळे ‘यंत्र चांगलं होतं म्हणून जिंकलं’ असं मी कुठल्याच व्याख्यानात म्हणत नाही. यंत्राला आधी कायद्याचं कुंपण मिळालं होतं. नंतर तर उलटच झालं. भारतीय कापडाला ब्रिटनमध्ये जबर जकात आणि गिरणीच्या कापडाला भारतात मोकळी वाट. १८२७ मध्ये वारलेल्या गरीब क्रॉम्प्टनला मी याचा जाब विचारत नाही. पण त्याची गोष्ट सांगताना ही गोष्ट गाळतही नाही.

आणखी एक गोष्ट गाळता कामा नये. एकोणिसाव्या शतकात लँकशायरला येणारा कापूस मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेतून येई आणि तो गुलामांच्या हातांनी वेचलेला असे. १८६१ मध्ये तिथे यादवी सुरू झाली, बंदरं अडली, कापूस थांबला. गिरण्या बंद पडल्या आणि लाखो लोकांवर उपासमार आली. ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली. गुलामगिरीच्या विरोधात आम्ही तुमच्या बाजूचे आहोत, असं पत्र त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांना पाठवलं. १९ जानेवारी १८६३ च्या तारखेचं लिंकनचं उत्तर आलं. सगळं लँकशायर एकमताचं होतं असं नाही. उपाशी माणसांचं एकमत होत नसतं. त्याच मार्चमध्ये स्टॅलीब्रिजला अन्नाच्या चिठ्ठ्यांवरून दंगल झाली. तरी पोटाला चिमटा बसलेला असताना लिहिलेलं ते पत्र मला फार मोठं वाटतं. मँचेस्टरच्या लिंकन चौकात पुतळ्याखाली लिंकनच्या उत्तराचे शब्द कोरलेले आहेत. गेलात तर उभं राहून वाचा.

प्रश्न : आयर्नब्रिजच्या पुलात एकही नटबोल्ट नव्हता असं ऐकलं. मी फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहे. शंभर फूट गाळ्याचा पूल असा उभा राहीलच कसा?

उत्तर : राहिला, आणि इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवर आजही उभा आहे. गाळा १०० फूट ६ इंच, लोखंड सुमारे ३७८ टन, तुकडे १,७०० हून जास्त. सगळ्यांत जड तुकडा साडेपाच टनांचा. १७७९ मध्ये कमान उभी राहिली आणि १ जानेवारी १७८१ ला पूल रहदारीला खुला झाला. तुम्ही या धंद्यातले आहात म्हणून थेट सांगते : ओतीव लोखंडाचा एवढा मोठा पूल जोडायचा कसा, हे त्याआधी कुणालाच माहीत नव्हतं. मग त्या लोकांनी सुतारालाच विचारलं म्हणा ना. एका तुकड्याला जीभ, दुसऱ्याला खाच, काही ठिकाणी टोकाकडे रुंद होत जाणारी शेपटी, म्हणजे ती सुटून येत नाही, आणि वर ठोकून बसवलेली पाचर. सगळे सुतारकामातले सांधे, फक्त लाकडाच्या जागी लोखंड. पुलाखाली नदीकाठच्या वाटेवर उभं राहून वर पाहिलं की फासळ्यांमधून आरपार घातलेल्या पट्ट्या आणि पाचरी स्पष्ट दिसतात. तुकडे एका मापाचे नाहीत. एकच वाटणाऱ्या दोन तुकड्यांत चांगला फरक आढळतो, कारण प्रत्येक तुकडा आपापल्या जागी बसेल असा ओतलेला आहे.

आराखडा टॉमस फार्नोल्स प्रिचर्ड यांचा. ते पूल होण्याआधीच, १७७७ मध्ये वारले. बांधला तिसऱ्या अब्राहम डार्बीने. याच्या आजोबांनी, पहिल्या अब्राहम डार्बीने, जवळच्या कोलब्रुकडेलला १७०९ मध्ये लाकडी कोळशाऐवजी कोक, म्हणजे भाजून धूर काढलेला दगडी कोळसा, वापरून लोखंड वितळवलं होतं. हे आजोबा तरुणपणी बर्मिंगहॅमला माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य, दळायच्या गिरण्या बनवणाऱ्याकडे शिकाऊ होते. आणि माल्ट वाळवणारे लोक कोक आधीपासून वापरत होते, कारण कच्च्या दगडी कोळशाच्या धुराने माल्टची चव बिघडते. दारूच्या धान्याची भट्टी आणि लोखंडाची भट्टी यांचं असं नातं आहे. मोठ्या शोधांच्या मुळाशी मला वारंवार हेच दिसतं, की शेजारच्या धंद्यातली एखादी साधी गोष्ट कुणीतरी उचलून आपल्या कामात आणलेली असते.

खर्चाचा अंदाज होता ३,२०० पौंडांच्या आसपास, झाला त्याच्या जवळजवळ दुप्पट. तिसरा डार्बी त्या कर्जातून उरलेल्या आयुष्यात बाहेर आला नाही. पण फेब्रुवारी १७९५ मध्ये सेव्हर्नला महापूर आला, नदीवरचे इतर पूल वाहून गेले किंवा खचले, आणि हा मात्र तसाच राहिला. पाणी दगडी खांबांवर थडकतं, ते या उघड्या कमानीतून निघून गेलं. पूल बांधणारा अभियंता टॉमस टेलफर्ड याने लगेच धडा घेतला. १७९६ मध्ये जवळच बिल्डवसला त्याने १३० फूट गाळ्याचा लोखंडी पूल केला, त्यात लोखंड फक्त १७३ टन. आयर्नब्रिजमध्ये माल गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. पहिल्यांदा करणारा माणूस भीतीपोटी जास्तच घालणार.

टोलनाक्याच्या भिंतीवरचा दरांचा फलक वाचायला विसरू नका. पायी जाणाऱ्याला अर्धा पेनी. खाली टीप आहे की पूल खाजगी मालकीचा असल्याने लष्करातला अधिकारी असो वा शिपाई, कामावर असो वा नसो, टोल भरावा लागेल, आणि टपालगाडी व राजघराण्यालाही सूट नाही.

प्रश्न : मला क्रिकेटचा नाद आहे. हिरवंगार, एकसारखं कापलेलं मैदान कधीपासून सुरू झालं? आधी गवत कसं कापत?

उत्तर : आधी लांब दांड्याच्या मोठ्या विळ्याने, पहाटे दव असताना, किंवा मेंढ्या सोडून. लॉर्ड्सवरसुद्धा सामन्याआधी मेंढ्या चरत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ग्लॉस्टरशायरच्या स्ट्राउड गावाजवळ, थ्रप नावाच्या वस्तीत आहे.

त्या खोऱ्यात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या लोकरी कापडावर लव उभी राहते. ती सारखी कापल्याशिवाय कापड गुळगुळीत दिसत नाही. त्यासाठी यंत्र होतं : एका रुळावर नागमोडी गुंडाळलेली पाती आणि खाली एक स्थिर पातं. रूळ फिरतो, पाती त्या स्थिर पात्याला घासत जातात आणि मधे सापडलेली लव कात्रीसारखी कापली जाते. एडविन बडिंग या कारागिराने हे पाहिलं आणि कापडाच्या जागी हिरवळ कल्पिली. १८३० मध्ये पेटंट निघालं, १९ इंच रुंदीचं यंत्र जॉन फेराबीच्या कारखान्यात तयार झालं. सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाने घेतलं. क्रिकेटचं मैदान, टेनिसचं कोर्ट, बोल्सची हिरवळ, सगळ्यांच्या मुळाशी लोकरीवरची लव आहे. आजही चांगल्या खेळपट्टीवर फिरणारं यंत्र पाहा, तोच रूळ, तीच नागमोडी पाती, खाली तेच स्थिर पातं.

या बडिंगने पुढे मागे-पुढे सरकवता येणारा स्क्रू स्पॅनरही केला. घरात पाना असेल तर हे नाव एकदा आठवा. त्याची आठवण फार कमी जण काढतात.

प्रश्न : काडेपेटीचा शोध कुणी लावला?

उत्तर : घासून पेटणारी काडी जॉन वॉकरची. उत्तर इंग्लंडात टीज नदीवर स्टॉक्टन गाव आहे, तिथे त्याचं औषधांचं दुकान होतं. १८२६ मध्ये त्याने अँटिमनी सल्फाइड, पोटॅशियम क्लोरेट आणि डिंक यांचं मिश्रण काडीच्या टोकाला लावलं. घडी घातलेल्या वाळूच्या कागदातून काडी ओढली की पेटायची. पहिली विक्री त्याच्या वहीत ७ एप्रिल १८२७ या तारखेला नोंदलेली आहे. पेटंट त्याने घेतलं नाही आणि लंडनच्या दुकानदारांनी नक्कल करून पैसा केला. तो आपलं दुकान चालवत राहिला.

प्रश्न : मुलगा बर्मिंगहॅमला असतो. दोन महिने जाणार आहे. लंडन मागच्या वेळी पाहून झालं. तुम्ही लिहिता तसली ठिकाणं पाहायची आहेत, पण गुडघे दुखतात. काय पाहू?

उत्तर : काकू, बर्मिंगहॅम म्हणजे मधोमध मुक्काम, सगळीकडे जाणं सोपं.

पहिलं डडली, अगदी जवळ. डार्टमथच्या टॉमस न्यूकॉमेन या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने खाणीतलं पाणी उपसणारं वाफेचं इंजिन १७१२ मध्ये याच भागात पहिल्यांदा चालवलं. मिनिटाला बारा हेलकावे आणि दर हेलकाव्याला सुमारे दहा गॅलन पाणी, दीडशे फूट खोलीवरून. ब्लॅक कंट्री म्युझियममध्ये त्याची पूर्ण मापाची प्रतिकृती आहे. इंजिन रोज चालवत नाहीत, तेव्हा आधी फोन करून वाफ असेल त्या दिवशी जा. थंड पाण्याचा फवारा आत पडतो, वाफ आकसते आणि भलीमोठी लाकडी तुळई कण्हत खाली येते. तुम्हाला ते शेवटपर्यंत लक्षात राहील.

दुसरं डर्बीशायरमधलं क्रॉमफर्ड, आर्कराइटची १७७१ ची गिरणी. एवढ्या आडबाजूला त्याने ती का काढली, हे पाहायचं असेल तर पाण्याकडे बघा. तिथल्या शिशाच्या खाणी कोरड्या राहाव्यात म्हणून डोंगरातून लांब बोगदा काढलेला होता. त्यातून येणारं पाणी जमिनीखालचं, म्हणून कोमट. इतर गिरण्यांची चाकं कडक थंडीत गोठत, त्याचं फिरत राही. तिथून नॉर्थ स्ट्रीटवर जा. आर्कराइटने कामगारांसाठी बांधलेली घरं अजून राहती आहेत. वरच्या मजल्याच्या खिडक्या रुंद का, तर तिथे पुरुष मागावर बसत आणि त्यांना उजेड लागे. बायका-मुलं गिरणीत, बारा तासांच्या पाळीला. रस्ता चढाचा आहे, सावकाश जा.

उत्तरेला आलात तर रॉचडेलची टोड लेन. तिथे यंत्र नाही, एक साधं दुकान आहे. २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी विणकर आणि इतर कारागिरांनी मिळून २८ पौंड भांडवलावर ते उघडलं. माल काय होता : लोणी, साखर, पीठ, ओट्सचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. वजनात मारायचं नाही, भेसळ करायची नाही, आणि नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात वाटायचा. जगभरच्या सहकारी संस्था आपले नियम इथून मोजतात. खोली इतकी लहान आहे की आपल्या ओट्यावरच्या गप्पांना पुरणार नाही. गुडघ्यांना त्रास नाही, मूळ दुकान तळमजल्यावरच आहे.

आणि एक दिवस विल्टशायरमधल्या लेकॉकसाठी ठेवा. तिथल्या जुन्या मठात हेन्री फॉक्स टॅलबट राहत, फोटो काढण्याचे सुरुवातीचे प्रयोग करणारे. लहान लहान लाकडी खोकी करून, आत क्षारांचा लेप दिलेला कागद घालून ते घरभर ठेवत. त्यांची बायको कॉन्स्टन्स त्या खोक्यांना उंदराचे सापळे म्हणे. ऑगस्ट १८३५ मध्ये दक्षिणेकडच्या दालनातल्या जाळीदार खिडकीचं चित्र एका खोक्यात उमटलं, टपालाच्या तिकिटापेक्षा थोडं मोठं. जगात टिकून राहिलेली ती सगळ्यांत जुनी निगेटिव्ह. त्याखाली टॅलबट यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे की नवीन असताना भिंगातून पाहिलं तर काचेचे सुमारे २०० चौकोन मोजता येत होते.

मूळ कागद तिथे नाही, तो आता फिकट झाला आहे आणि जपून ठेवलेला आहे. पण खिडकी तीच आहे. ऊन असेल तो दिवस बघून दुपारच्या सुमारास जा. दालनात गेलात की मुलाला फोटो काढू द्या आणि तुम्ही चौकोन मोजा. मी दोनदा मोजले.